सोडलेलं पांढरं

गोष्ट सुरू होते ती चिकटपट्टीपासून. साधी भुरी, कागदी, पाणी लावलं की चिकटते ती. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधली ऑक्टोबर संपत आलेली शनिवारची दुपार, आणि नंदिनी सासऱ्यांसाठी ती पट्टी आणायला बाहेर पडली होती. सासरे म्हणजे भास्कर आप्पा, कोल्हापूरच्या एका शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. जलरंगातली निसर्गचित्रं हा त्यांचा जन्माचा नाद. जलरंगाचा कागद ओला करून फळीवर ताणावा लागतो आणि चारी कडा पट्टीने डकवाव्या लागतात, नाहीतर रंग लागताच तो पापडासारखा फुगतो. सकाळी एक कड सुटली, घरातली पट्टी संपलेली, आणि आप्पांचा हात थांबला. आप्पांचा हात थांबला की त्या घरात सगळंच थांबल्यासारखं व्हायचं, म्हणून ती बिचारी कोट चढवून निघाली.

आता मल्हारचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मल्हार म्हणजे आप्पांचा एकुलता एक मुलगा, नंदिनीचा नवरा आणि सहा वर्षांच्या अन्वीचा बाप. इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला. माणूस कमालीचा नियमाचा. कागदाचा कचरा कुठे, काचेचा कुठे, हे जर्मन शेजाऱ्यांनी त्याला विचारावं. "मागच्या जन्मी तू इथला हाउसमाइस्टर होतास," असं नंदिनी त्याला चिडवायची. हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीची देखरेख करणारा. एक व्यसन मात्र पक्कं कोल्हापुरी. चहा गोड लागायचा, कपात दोन चमचे साखर, वर आणखी चिमूट.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात सुट्टी काढून तो स्वीडनच्या पार उत्तरेला, लॅपलँडच्या रानात पायी हिंडायला गेला. एकटाच. तिकडे तेव्हा झाडांचे रंग पालटतात, बर्च पिवळेधमक होतात आणि पायाखालची खुरटी झुडपं लालभडक. एका तळ्याकाठून त्याने बापाला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आप्पा, हे रंग तुम्ही बघायला हवे होते." तेच शेवटचं. हेलिकॉप्टरं फिरली, कुत्री हुंगून आली, मग बर्फ पडायला लागला आणि शोध थांबला. तंबू नाही, सॅक नाही, बुटाची नाडीसुद्धा सापडली नाही.

माणूस गेला तर घर रडतं तरी. इथे रडायचीही चोरी. कोल्हापूरहून विष्णूकाका, आप्पांचा धाकटा भाऊ, फोनवर म्हणायचा, "दादा, विधी करून टाकूया. पोराला किती दिवस असं अधांतरी ठेवायचं?" आप्पा ऐकून घ्यायचे आणि फोन ठेवून द्यायचे. नंदिनीलाही ते शब्द तोंडाने काढवत नव्हते.

तिची स्वतःची एक खूण होती. जर्मनीतल्या पुष्कळ दारांचं असं असतं, की आतून कुलपात किल्ली राहिली तर बाहेरची किल्ली आत शिरत नाही. घरातला माणूस झोपला की बाहेरचा बसला जिन्यात. मल्हार एकदा असाच तासभर बसला होता. तो गेल्यापासून नंदिनीने आतून किल्ली कधीही दारात ठेवली नाही. खिळ्याला अडकवायची. कारण मल्हारकडे त्याचं जुडगं होतं, छोट्या चामडी कोल्हापुरी चपलेचं कीचेन असलेलं. त्यात तीन किल्ल्या होत्या, खालच्या मोठ्या दाराची, घराची आणि केलरची. केलर म्हणजे इमारतीखालचं तळघर, तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला फळ्यांच्या पट्ट्या ठोकून केलेला एकेक कोंडवाडा असतो. त्याच्या कुलपाची दुसरी किल्ली नंदिनीने मागेच कुठेतरी हरवली होती. त्यामुळे मल्हार गेल्यापासून केलर उघडलंच नव्हतं. मोठ्या बॅगा, त्याचा जुना कोट, अन्वीची पहिली सायकल, सगळं आत. कुलूप कापायला कितीसा वेळ लागतो? पण ते कापायचं म्हणजे तो येणार नाही असं कबूल करायचं. तिने नाही कापलं.

आप्पा दर शरदात तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचे. मागच्या वर्षी नुसते खिडकीशी बसून राहिले. या वर्षी आले ते मोठा कागद घेऊन आणि आल्या आल्या त्यांनी तो फोटो फळीशेजारी चिकटवला.

आयुष्यभर पन्हाळा, रंकाळा, पावसातली भाताची शेतं रंगवलेला हात तो. हिरव्यात मुरलेला. त्या हाताने कधी न पाहिलेलं उत्तरेचं रान असं काही उभं केलं, की नंदिनीला चित्राकडे बघताना अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटे. मागे पहिला बर्फ धरलेल्या टेकड्या, मध्ये शिसवी रंगाचं तळं, अलीकडे लाल जमीन आणि तिच्यात पिवळे बर्च. कुठे पाखरू नाही, माणसाची वाट नाही. आणि अगदी पुढे, दोन झाडांच्या मधोमध, बोटाएवढी उभी जागा कोरी. रंग तिच्या कडेपर्यंत येऊन थांबलेला.

"आप्पा, इथे काय काढणार?" तिने एकदा विचारलं होतं.

"मी काही नाही काढणार," आप्पा म्हणाले. मग मांडीवरच्या अन्वीला सांगू लागले, "बघ हं बाळा, आपल्या पेटीत पांढरा रंग नसतो. पांढरं लावायचं नसतं, सोडायचं असतं. एकदा का रंग लागला, की तो कागद गेला. पुन्हा मिळत नाही."

अन्वीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती त्या जागेवर बोट ठेवून हसली आणि म्हणाली, "पापा."

कोणी तिला सांगितलं नव्हतं.

खरी गंमत पुढेच. गंमत कसली म्हणा. इथल्या तापवलेल्या घरात जलरंग बघता बघता वाळतो, आप्पांची तीच तक्रार असायची. पण त्या कोऱ्या जागेभोवतीचा कागद वाळेना. आप्पा रोज सकाळी तिथे हाताचा मागचा भाग टेकवून बघायचे, चित्रकार ओल अशीच बघतात. म्हणायचे, "ओलं आहे अजून." आठवडा झाला, ओलंच. त्या खोलीत एक वासही यायला लागला. कुजक्या पानांचा, शेवाळाचा, फार गार पाण्याचा. नंदिनीने खिडक्या उघडल्या, भिंतीला बुरशी लागली का ते पाहिलं. भिंती कोरड्या ठाक होत्या.

तर त्या शनिवारी पट्टी घेऊन ती परत आली तेव्हा फ्राऊ बेरेन्स जिन्यात पोछा घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या, उन्हाळ्यात नव्यानेच राहायला आलेल्या. या आठवड्याला जिना पुसायची पाळी त्यांची. बाई सभ्य, पण मनात ठेवून घेणारी नव्हे.

"तेवढं तुमच्या यजमानांना सांगाल का," त्या म्हणाल्या, "वर जाताना बूट पुसून जात जा म्हणावं. रोज संध्याकाळी सगळा जिना ओला होतो."

नंदिनीला वाटलं, आप्पांबद्दल बोलताहेत. "ते माझे सासरे. पण ते तर..."

"म्हातारबाबा नव्हेत. ते उंच. पाठीवर सॅक असते. मी नमस्कार करते, ते उत्तर देत नाहीत. अंधार पडायच्या सुमाराला येतात आणि तुमच्या दाराशी उभे राहतात." त्यांनी आवाज जरा खाली घेतला. "किल्ली हरवलीय का त्यांची?"

नंदिनीच्या हातातली पिशवी निसटली. खाली वाकून पट्टी उचलता उचलता ती म्हणाली, "या... या, सांगते त्यांना." इथे राहून राहून लागलेली सवय. काही सुचलं नाही की जर्मनमधलं ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हणायचं.

वरचे दोन जिने ती कशी चढली तिलाच ठाऊक. दारापुढचं पायपुसणं हाताने दाबून पाहिलं, तर बोटांतून पाणी ओघळलं. आत अन्वी दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. पायात तिचे पिवळे रबरी गमबूट. पोरीने ते स्वतःच काढून घातले होते.

"कुठे चाललीस गं?"

अन्वीने जर्मनमध्ये सांगितलं, अगदी साधेपणाने. पापा दाराच्या पलीकडून बोलतो. त्याला फार थंडी वाजते. तो म्हणाला, बूट घालून ठेव, तुला तळं दाखवतो.

नंदिनीने तिचे बूट काढले. आतले मोजे घोट्यापर्यंत भिजलेले होते, आणि पाय थंडगार. तिने ते पाय आपल्या स्वेटरखाली पोटाशी धरले आणि तशीच बसून राहिली.

अन्वी कार्टून बघायला बसल्यावर ती आप्पांच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

"आप्पा... तुम्हाला माहीत होतं?"

आप्पांनी मान वर केली नाही. ते चित्राची सुटलेली कड नव्या पट्टीने डकवत होते. "पावलं ऐकतो रोज."

"मग दार का नाही उघडलंत?"

"उघडलं होतं. एकदा नाही, चारदा. उघडलं की कोणी नसतं, पोरी. तो अजून पुरता पोचलेला नाही. लांबून येतोय... जागा आहे तोवर येईल."

"आणि आला तर? दोन हिवाळे बर्फात काढून जो येईल, तो..." तिने दाराकडे पाहिलं. "आप्पा, तो अन्वीला तळं दाखवतो म्हणाला."

आप्पांचा हात थांबला. मग म्हणाले, "बाप आहे तिचा."

"म्हणून तर भीती वाटते," नंदिनी म्हणाली.

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मल्हारच असेल तर? आणि मल्हार नसेल तर? दोन्हींची तिला सारखीच भीती वाटत होती, आणि आपल्या माणसाची भीती वाटते याची लाजही. दोन वर्षं जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की जीव कानात यायचा तिचा. आता खरोखर पाऊल वाजत होतं, तर कान झाकून घ्यावेत असं वाटत होतं. गेलेल्याला मागून हाक मारू नये, असं तिची आई म्हणायची. पण याला हाक कोणी मारली होती? जागा तेवढी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. आदल्या रात्रीच इथली घड्याळं तासभर मागे गेली होती, त्यामुळे अंधार अवचित अलीकडे आला. आप्पा दुपारचे पार्कात गेले होते, गळलेल्या पानांचे रंग बघायला. त्यांना वाटलं अजून वेळ आहे. नंदिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. बाहेर दिवे लागले तशी ती हात धुऊन अन्वीला बघायला आली. अन्वी दाराशी उभी होती. कोट घातलेला, गमबूट घातलेले, टोपीसुद्धा. एक हात दाराच्या मुठीवर. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी शहाणी, वाट बघत.

नंदिनीने तिला उचललं, आप्पांच्या खोलीत नेलं, आणि मग तिने ते केलं. विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. हातून झालं असंही म्हणता येणार नाही.

आप्पांचा जाडा ब्रश पाण्यात बुडवला, ताटलीतला पिवळा ओढला, त्यात तपकिरी मिसळला. कोरी जागा दिव्याखाली ओलसर चमकत होती. "माफ कर रे," ती म्हणाली. "तुझ्या पोरीसाठी करतेय. तू असतास तर तूही हेच केलं असतंस." आणि तिने त्या जागेवर ब्रश टेकवला. कागदाने रंग असा पटकन ओढून घेतला, की तिचा हातच ओढला गेला. पिवळी पानं, मागे लाल झुडपं, एका खोडाची करडी रेघ. चित्रकलेत तिला गती नव्हती, तरी कुठे सांधा दिसेना. दोन झाडांमध्ये आता तिसरं झाड होतं.

मग ती दाराशी गेली. खिळ्यावरची किल्ली काढली, आतून कुलपात घातली आणि फिरवली.

अन्वीला कुशीत घेऊन ती पॅसेजमध्ये जमिनीवर बसली. जिन्यातला दिवा लागला. दाराखालच्या फटीत उजेडाची रेघ आली. पावलं चढू लागली. सावकाश... एकेक पायरी. लाकडी पायऱ्या करकरत होत्या, आणि प्रत्येक पावलाबरोबर बुटातलं पाणी पचपचत होतं. पहिला मजला. दुसरा. फ्राऊ बेरेन्सच्या दारावरून वर. वास दारातून आत आला, शेवाळाचा, गार पाण्याचा.

पावलं दाराशी थांबली.

किल्ल्या वाजल्या. तो आवाज नंदिनीने शेकडो संध्याकाळी ऐकला होता, आधी जुडगं हातात उडवायचं, मग किल्ली निवडायची. किल्ली कुलपात शिरली आणि आतल्या किल्लीला अडली. खट्. पुन्हा घातली. खट्.

मग दारापलीकडून आवाज आला. दमलेला, जरा बसलेला, पण त्याचाच.

"नंदू... किल्ली आत राहिलीय का गं?"

रागाने नाही. तक्रारीनेही नाही. त्या वेळी तासभर जिन्यात बसल्यावर विचारलं होतं, तसंच.

नंदिनीने हाताची मूठ तोंडात कोंबली. अन्वी तिच्या कानाशी जर्मनमध्ये कुजबुजत होती, उघड ना, ममा, उघड ना. दारापर्यंत चारच पावलं होती. ती उठली नाही. हे ती पुढे जन्मभर स्वतःला सांगणार होती, की आपण उठलो नाही.

"बरं," बाहेरचा म्हणाला.

पायपुसण्यावर काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज झाला. मग पावलं उतरू लागली. दुसरा मजला, पहिला, तळ. ती कान देऊन ऐकत राहिली. खालचं मोठं दार जड आहे, बंद होताना सगळी इमारत दणाणते. ते वाजलंच नाही.

थोड्या वेळाने घंटा वाजली ती आप्पांची. दार उघडलं तर त्यांच्या एका हातात बर्चची पानं होती आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचं जुडगं. चामड्याची चिमुकली चप्पल पाणी पिऊन फुगली होती, कडीत शेवाळ अडकलं होतं.

"हे दारात होतं," ते म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून सरळ आपल्या खोलीत गेले.

ती मागोमाग गेली. वाटलं, आता ओरडतील, हात उगारतील, काहीही करतील. आप्पांनी फक्त चित्रावर हाताचा मागचा भाग टेकवला.

"वाळलं," ते म्हणाले.

मग ते खुर्चीवर बसले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रडले. मोठ्याने, घशातून. म्हातारं माणूस असं रडताना नंदिनीने कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांचे पाय धरले आणि तीही रडली. "माझ्याच्याने नाही झालं आप्पा, नाही उघडवलं मला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आप्पा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "पोर राखलंस," ते म्हणाले. "बरोबर केलंस. बरोबर केलंस गं... पण माझंही पोरच होतं ते."

अन्वी झोपल्यावर तिने जुडगं धुऊन टेबलावर ठेवलं. पहिलं भाड्याचं घर सोडतानाची आठवण आली. मल्हारने तिथल्या किल्ल्या अशाच पुसून, लखलखीत करून मालकाच्या हातात दिल्या होत्या. म्हणाला होता, "घर सोडताना किल्ल्या परत द्यायच्या असतात, नंदू, नाहीतर ते घर सुटत नाही." नियमाचा माणूस. तिने किल्ल्या हातात घेतल्या. मोठ्या दाराची होती. घराची होती.

केलरची नव्हती.

त्यानंतर पायपुसणं कोरडं राहिलं. वास गेला. फ्राऊ बेरेन्स जिन्यात भेटल्या तेव्हा खूश होत्या. "यजमान बाहेरगावी का?" त्यांनी विचारलं, आणि नंदिनी ‘या’ म्हणाली. अन्वीचे गमबूट रॅकमध्ये गेले, पोरगी शाळेत रमली. आप्पांनी पट्टी कापून चित्र फळीवरून सोडवलं आणि ते भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. पुन्हा ब्रश हातात घेतला नाही.

एक मात्र नवीन सुरू झालं. संध्याकाळी आप्पा स्वतः चहा करायला लागले. दोन कप, ट्रेमध्ये. "जरा खाली जाऊन येतो," म्हणायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "नंदिनी, या दुसऱ्यात साखर घाल गं. मला अंदाज नाही, मी बिनसाखरेचा पिणारा." तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने दोन चमचे घातले, वर चिमूट. बऱ्याच वेळाने ते वर आले तेव्हा दोन्ही कप रिकामे होते. तिने ते विसळून ठेवले. दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

डिसेंबर लागायच्या आत व्हिसा संपला. विमानतळावर आप्पांनी अन्वीचे मुके घेतले, नंदिनीच्या हातावर थोपटलं आणि आत जाता जाता मागे वळले. "त्याचा चहा तेवढा..." म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसले.

"हो आप्पा," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने एक कप चहा केला आणि अन्वीला रंगपेटीशी बसवून खाली गेली. केलरची पायरी उतरताच तो वास आला. बटण दाबून दिवा लावला आणि पट्ट्यापट्ट्यांचे कोंडवाडे ओलांडत ती आपल्यापाशी आली. कुलूप नेहमी पॅसेजच्या बाजूने, बाहेरून लटकायचं. आता ते दाराच्या आतल्या अंगाला होतं. आतून लावलेलं, बंद. पट्ट्यांच्या फटीतून अन्वीची छोटी सायकल दिसली. तिच्यावरची दोन वर्षांची धूळ कोणीतरी पुसली होती. त्यामागे अंधार होता आणि त्यात तिने बघितलं नाही.

तिने दाराखालच्या फटीतून कप आत सरकवला.

"मल्हार, चहा," ती म्हणाली. "गोड केलाय." मग तिथेच गार फरशीवर बसून तिला बोलायचं होतं ते सगळं ती बोलली. अन्वीचा दात पडला. आप्पा गेले, रडत गेले. मी उठले नाही रे, उठायला हवं होतं का, तूच सांग. मध्येच दिवा आपोआप विझला, तेव्हा तिने चाचपत बटण दाबलं. कप तिच्या बाजूला होता. रिकामा. कडा बर्फासारखी गार.

ती उठली. मन कसं हलकं झालं होतं, इतकं की जिना चढताना तिला वाटलं, असंही चालेल. असंही जमेल आपल्याला. तो खाली, आपण वर, मध्ये चहा. लोक काय काय करून संसार करतात.

वर अन्वी आजोबांच्या टेबलाशी नव्हती. पेटी मिटलेली, ब्रश कोरडे. पोर पलंगावर झोपून गेली होती. टेबलावर तिच्या शाळेच्या दप्तरातून काढलेलं एक चित्र होतं. मागे बाईंनी तारीख घातली होती, गेल्या आठवड्यातली. तळं, लाल जमीन, पिवळी झाडं. सहा वर्षांच्या मुलीच्या मानाने फार नेटकं. आजोबांनी शिकवल्यासारखंच, रंग कडेपर्यंत आणून थांबवलेला. दोन झाडांच्या मध्ये दोन जागा कोऱ्या सोडल्या होत्या, एक मोठी आणि तिचा हात धरल्यासारखी एक लहान.

पेटी हाताशी होती, पाणी हाताशी होतं. लहान जागा भरायची, की मोठी, की दोन्ही? एकदा रंग लागला की तो कागद गेला.

अखेर तिने हात उलटा केला आणि त्या लहान जागेवर हळूच टेकवला.

ओली होती.